खाज्याने जंत होत नाहीत

आंगणेवाडीच्या जत्रेतलं खाजं पोरांनी दाबून खाल्लं की मालवणकडच्या घरात कुणीतरी बजावतंच, "जंत होतील हां!" खाजं यात निर्दोष आहे. गुळा-साखरेतून जंत होत नाहीत. त्यांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून आणि भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमी या जंताला तर पोटात जायला आपल्या तोंडाचीही गरज नसते. त्याच्या अळ्या ओलसर, सावलीच्या मातीत टिकतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. माडाच्या बागेत पोरांना दटावायचंच असेल तर चपलांसाठी दटावावं.

"घरोघरी संडास आहेत, मग जंताची गोळी कशाला?" २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत देशात पहिल्या आलेल्या सिंधुदुर्गात हा प्रश्न वाजवीच. संडासामुळे नवी अंडी मातीत पडायची थांबतात. जुनी मात्र महिनोन्महिने, गोल जंताची तर वर्षानुवर्षंही जिवंत राहू शकतात.

मूल धडधाकट दिसतं म्हणजे पोट साफ, असंही नाही. जंत थोडे असले तर लक्षण दिसतच नाही, आणि अंकुशकृमी आतल्या आत रक्त शोषत राहतो. पुढे पंडुरोग, मग वर्गात पेंगणं. मास्तर त्याला आळस म्हणतात!

जंतांमुळे शाळेचं किती नुकसान होतं, याचा हिशेब केनियाच्या बुसिया भागात लागला. १९९८ पासून तिथल्या ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने जंतनाशक गोळ्या दिल्या गेल्या. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर (२०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) यांना शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटलेली आढळली. गोळी न घेतलेल्या शेजारच्या मुलांनाही लाभ झाला, कारण मातीत पडणारी अंडीच कमी झाली. वीस वर्षांनी तीच मुलं शोधली, तेव्हा दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळालेल्यांची तासाची कमाई १३ टक्क्यांनी अधिक भरली. या आकड्यांवर संशोधकांत कडाक्याचे वाद आहेत, आणि लागण कमी तिथे फायदाही कमी, हे मान्य करायला हवं. पण इतक्या स्वस्त गोळीला नाकारण्याइतकं बळ त्या वादात नाही.

गोळीनंतर मळमळ होते ती बहुधा मरणाऱ्या जंतांमुळे, आणि ती लवकर ओसरते. एका गोळीने जन्माची सुटका मात्र होत नाही. मातीतून जंत पुन्हा येतात. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल मोफत मिळतं. दोन वर्षांखालच्यांना अर्धी गोळी. त्या दिवशी मूल आजारी किंवा गैरहजर असलं तर नंतरच्या 'मॉप-अप' दिवशी गोळी मागून घ्या.