खेळाडूच्या खिशाचं काय?

दोस्तांनो, शहाद्याजवळच्या लोणखेड्यात कॉलेजसाठी धावणाऱ्या एखाद्या ताईला विचारून बघा, बूट, एसटीचं भाडं, खुराक हा सारा खर्च कोण करतं?

आता एक खरी गोष्ट ऐका. १९५२ साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं, पण पैसे नव्हते. ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी चक्क स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले! खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण प्रत्येकाला असे सर कुठून मिळणार? अमेरिकेत कॉलेजांचे सामने टीव्हीवर दाखवून कोट्यवधी डॉलर मिळतात. तरी खेळाडूंना थेट मोबदला द्यायची मुभा कॉलेजांना मिळाली ती २०२५ साली! आपल्याकडे कॉलेजच्या सामन्यांना तिकीटच नसतं, मग पगार कुठून? खेलो इंडिया योजनेत निवड झाली, तर महिना १०,००० रुपये भत्ता मिळतो. पण निवड होईपर्यंत काय?

म्हणून वाटतं, पगार राहू दे. बूट, भाडं नि जेवण तरी कॉलेजने द्यावं. तुम्हाला काय वाटतं? आज जेवताना आई-बाबांशी जरूर वाद घाला!