पोरगं ‘हॅकर’ निघालं... आता?

‘‘तू कॉम्प्युटरमधली ना? मग लगेच ये!’’

शनिवारी सकाळी साडेसातला मावशीचा फोन. आता मी पत्रकार, कॉम्प्युटरशी माझं नातं टायपिंगपुरतं. पण आपल्याकडे मुंबईत जो लॅपटॉप घेऊन बसतो, तो ‘कॉम्प्युटरमधला’च! तुमच्या घरीही हेच असणार. निमूटपणे कर्जत लोकल पकडली.

घरात सुतक असल्यासारखं वातावरण. काका खालापूरच्या कंपनीतून नाइट शिफ्ट करून आलेले, डोळे लाल. वायफायचा राउटर कपाटात कुलूपबंद. आणि आतल्या खोलीत आरोपी. माझा मावसभाऊ, वय वर्षं पंधरा, इयत्ता दहावी. गुन्हा काय, तर खोपोलीतल्या क्लासच्या सरांचं लॉगिन वापरून पठ्ठ्याने मित्राचे टेस्टचे मार्क 11 चे 17 केले. पासवर्ड कसा मिळाला? सरांचं नाव आणि पुढे 123!

‘‘लॅपटॉप उल्हास नदीत फेकतो,’’ काका गरजले. मावशी पदराने डोळे पुसत होती. पण मधेच माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, ‘‘डोकं मात्र आहे गं पोराचं!’’

माझ्या मते दोघांचंही चुकत होतं. लॅपटॉप फेकला तरी मित्राचा मोबाइल असतोच, फक्त पुढच्या वेळी घरात कुणाला कळणार नाही. आणि कौतुक केलं तर पोराला वाटणार, चालतंय की!

मी आत गेले आणि तीनच प्रश्न विचारले. काय केलंस? कसं केलंस? का केलंस? आवाज न चढवता. दहा मिनिटांत गाडी रुळावर आली. ‘‘आत शिरलो ना ताई, तेव्हा एकदम भारी वाटलं. मग मित्र मागेच लागला. पण कुणाचं नुकसान कुठे झालं?’’

खरी गोम इथेच आहे. या वयात स्क्रीन दिसते, स्क्रीनमागचा माणूस दिसत नाही. मी म्हटलं, ‘‘ज्या मुलीने रात्र जागून 16 मिळवले, ती तुझ्या मित्राच्या मागे गेली. तिचं काय?’’ साहेब गप्प.

कायदाही सांगितला, धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून. आपल्या आयटी अ‍ॅक्ट 2000 नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं चूकच, मग पासवर्ड कितीही सोपा असो. अप्रामाणिक हेतूने असं केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड असा वापरण्यासाठी तर वेगळं कलम आहे, 66सी. मूल 18 वर्षांखालचं असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

आणि हे फक्त आपल्याच घरात घडतं असं नाही. 2015 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने 12 ते 15 वर्षांच्या मुलग्यांच्या आईबाबांसाठी खास मोहीम काढली. कारण त्यांच्या तपासातल्या सायबर संशयितांचं सरासरी वय 17 वर आलं होतं! तिथलाच मार्कस हचिन्स. मे 2017 मध्ये जगभर हाहाकार माजवणारा ‘वॉनाक्राय’ त्याने रोखला, हीरो झाला. ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याला अटक झाली, काही वर्षांपूर्वी लिहिलेल्या बँक लुटणाऱ्या व्हायरसपायी. जुनं पाप असं वर येतं.

उलट आपल्या पुण्याचा प्रणव हिवरेकर बघा. 2016 मध्ये त्याला फेसबुकमध्ये अशी चूक सापडली, की कुणाचाही व्हिडिओ डिलीट करता यावा. त्याने ती कंपनीला कळवली आणि हजारो डॉलरचं बक्षीस घेतलं. डोकं तेच, फरक एका शब्दाचा... परवानगी!

दुपारी काका, मी आणि तो, तिघं खोपोली लोकलमध्ये बसलो. केळवली गेलं, डोळवली गेलं, कुणी बोललं नाही. सरांसमोर मात्र सगळं त्यानेच सांगितलं. आम्ही एक शब्दही बोललो नाही. सर आधी भडकले. मग मार्क पूर्ववत झाले, आणि महिनाभर क्लासचा कॉम्प्युटर बंद. शिक्षा हवीच, पण चुकीच्या मापाची.

तुमच्या घरातून असा फोन आला, तर हा फंडा लक्षात ठेवा:

• आधी ऐका, मग ओरडा. नेमकं काय झालं हे कळल्याशिवाय निर्णय नको.

• झाकू नका. ज्याचं नुकसान झालं त्याला मुलाने स्वतः सांगावं, तुम्ही सोबत जा. पैशांचा मामला असेल तर आधी वकील गाठा.

• धोक्याच्या खुणा ओळखा: रात्रीची जागरणं, कुठून आले न सांगता येणारे पैसे, स्क्रीन पटकन झाकणं. पण नुसतं कोडिंग आवडतं म्हणून संशय नको.

• खाज भागवायला मैदान द्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘पिकोसीटीएफ’ ही स्पर्धा शाळकरी मुलांसाठीही आहे, फुकट आहे. तिथे हॅकिंग करायचंच असतं, तेही परवानगीने.

परतताना कर्जत स्टेशनवर काकांनी वडापाव घेतले. पहिला त्याच्या हातात दिला, न बोलता.

रविवारी मावशीचा फोन. ‘‘राउटर काढला गं कपाटातून. पासवर्ड मात्र काकांनी स्वतः ठेवलाय. टिकेल ना?’’

‘‘काकांचं नाव आणि 123 नसेल,’’ मी म्हटलं, ‘‘तर टिकेल!’’

पलीकडे बराच वेळ शांतता...