गव्हानंतर मूग : रानाला आणि ताटालाही

मार्चमध्ये गव्हाची काढणी आटोपली की कोल्हापूर परिसरातील अनेक राने पावसापर्यंत मोकळी राहतात. पाण्याची सोय असेल, तर या मधल्या काळात उन्हाळी मूग निघतो. पीक साधारण 60 ते 70 दिवसांचे. म्हणून गहू निघताच पेरणी उरकावी. उशीर झाला, तर तयार शेंगा पावसात सापडतात.

मुगाच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. शेंगा तोडल्यावर पाला रानातच गाडला, तर पुढच्या पिकालाही लाभ होतो.

ताटातही गहू आणि मूग एकमेकांची उणीव भरून काढतात. गव्हात कमी असलेले लायसिन मुगात भरपूर असते. मुगात कमी पडणारे मेथिओनिन गव्हातून मिळते. 100 ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 50 किलो वजनाच्या महिलेला सुमारे 42 ग्रॅम प्रथिने लागतात. मोड आणून, वर लिंबू पिळून खाल्ल्यास मुगातील लोहही चांगले अंगी लागते.

शेंगांची तोडणी ऐन मे महिन्यात येते. ती सकाळीच करावी, पाणी जवळ ठेवावे. औषध चोळलेले उरलेले बियाणे कधीही खाऊ नये. आणि मूग बाजारात धाडण्याआधी घरचा वर्षभराचा वाटा बाजूला काढावा. रानात पिकलेले प्रथिन आधी घरातल्या मुलाबाळांच्या ताटात पडायला हवे.