आधी मासेमारांना विचारा

जालन्याला समुद्र नाही. पण शहराच्या पिण्याचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं आणि त्याच पाण्यावर मासेमारांची चूल पेटते. तिथे तरंगत्या सौर प्रकल्पाचा घाट घातला गेला, तेव्हा मासेमारांची कहार समाज पंच समिती राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. 2024मध्ये लवादाने अर्ज फेटाळला. एप्रिल 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही.

सौर प्रकल्पांना 2006ची पर्यावरण अधिसूचना लागू नाही, त्यामुळे तिच्यातली जनसुनावणीही नाही.

भर समुद्रातल्या तेलशोधाचं तेच झालं आहे. जानेवारी 2020च्या दुरुस्तीने तेल आणि वायूचा शोध ‘ब-2’ गटात टाकला गेला. या गटाला जनसुनावणी लागत नाही. प्रत्यक्ष उत्पादनाचे नियम अधिक कडक आहेत. पण कोळ्यांना पहिली झळ शोधाच्या टप्प्यातच बसते. सर्वेक्षणाचं जहाज कित्येक किलोमीटर लांबीच्या केबल ओढत, दाबाखालच्या हवेचे बार पाण्यात उडवत जातं. त्याच्या वाटेतली जाळी काढून घ्यावी लागतात. ऐन हंगामात हे घडलं तर बुडालेल्या कमाईचं काय? त्याचा हिशोब जहाज निघण्याआधी, मच्छीमार सोसायट्यांना समोर बसवूनच ठरायला हवा. पुढे समुद्रात तेलाचा फलाट उभा राहिला की त्याच्याभोवती 500 मीटरचा सुरक्षा पट्टा येतो.

नॉर्वेत गरज असेल तिथे सर्वेक्षणाच्या जहाजावर मासेमारीचा जाणकार ठेवावा लागतो. आपल्याकडे कोणत्या महिन्यात कुठे डोल जाळं लागतं, हे सांगणारे जाणकार पालघर-रायगडच्या कोळीवाड्यांत घरोघरी आहेत.