तीस मुक्कामांवरचं बंदर

माकणीच्या धरणाचे दरवाजे उघडले की तेरणेचं पाणी पूर्वेला निघतं. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. दोन हजार वर्षांपूर्वी याच नदीच्या वरच्या अंगाला, तेर गावात, जो माल बांधला जायचा तो मात्र पाण्याकडे पाठ करून बैलगाड्यांवर पश्चिमेला जायचा. पैठण गाठायचा, तिथून भडोच, आणि भडोचला जहाजात चढून तांबड्या समुद्रामार्गे इजिप्त आणि रोम. कोकणचा किनारा तेरपासून सव्वातीनशे किलोमीटर दूर. तेरणेत होडी चालवायचं म्हटलं तरी वर्षातले चार महिनेही पुरेसं पाणी मिळायचं नाही. तरीही मी तेरला बंदर पाहायला म्हणूनच जातो. जहाज उभं राहतं तो बंदराचा शेवटचा टप्पा झाला. माल तयार होतो, बांधला जातो, गाडीवर चढतो, ते सगळं बंदराचंच काम, आणि आपल्या वाट्याला ते आलं होतं.

हे मी गावच्या अभिमानापोटी म्हणत नाही. इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोण्या ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची एक मार्गदर्शिका लिहिली, ‘पेरिप्लस’ नावाची. तिच्यात भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर असल्याची नोंद आहे. पैठणहून मौल्यवान दगड येतात, तगरहून साधं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल येते, आणि हा माल मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर येतो, असं तो लिहितो. त्यानं तगर पैठणच्या पूर्वेला सांगितलं आणि पुढच्या अभ्यासकांनी ते कुठंकुठं शोधलं. तेर खरं तर आग्नेयेला आहे. तगर म्हणजेच तेर हे 1901 मध्ये जॉन फ्लीट यांनी मांडलं आणि मग ते मान्य झालं. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे मात्र आधीच स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. गाव हातात नसताना बिरुद मिरवत होते म्हणजे गावाला वजन असलंच पाहिजे.

माकणीहून तेर तास-दीड तासाच्या रस्त्यावर. वाटेवर ऊस, सोयाबीन, मधे तुरीची पट्टी. गावात शिरताना जे उंचवटे दिसतात तिथं पर्यटकाचे पाय अडत नाहीत, कारण वर बघण्यासारखं काही नसतं. पण माझे अडतात. आमच्या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर गावंच्या गावं उठून दुसरीकडे वसली. जुन्या गावठाणात दगड-मातीची घरं तशीच राहिली. पावसानं माळवदं खचली, भिंती विरघळल्या, वर बाभळी आल्या. तीस वर्षांत वाड्याचा उंचवटा कसा होतो ते आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. घरं विरून झालेल्या त्या भुरकट मातीला आपल्याकडे ‘पांढर’ म्हणतात. तेरची पांढर तशीच आहे, फक्त थरावर थर पडत वीसेक शतकं चाललेली.

पहिला जोराचा पाऊस झाला की पांढरीवरची वरची माती वाहून जाते आणि मणी उघडे पडतात. शंखाचे, अकीकाचे, काचेचे. ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस मणी, आरपार भोक पाडलेला. आता ते उचलू नयेत, जिथं सापडला तिथंच त्याचा अर्थ आहे, वगैरे मलाही कळतं. पण तेरचं संग्रहालय उभं राहिलं ते असं उचलणाऱ्या हातांमुळेच. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती वस्तू आयुष्यभर जमवल्या. पुढे तो संग्रह शासनाकडे आला आणि आज त्यांच्याच नावानं गावात शासकीय संग्रहालय आहे. 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी इथं उत्खनन केलं, नंतरही झाली. शास्त्रीय खणती आणि एका माणसाचं वेड, दोन्ही एका आवारात बघायला मिळतं.

संग्रहालयात लोक घाईनं फिरतात. मी एका कपाटापुढे थांबतो: पांढऱ्या केओलिन मातीच्या छोट्या मूर्ती. बोटभर, वीतभर. स्त्रियांची डोकी, केसांचे मोठाले बुचडे, कानात जड कुंडलं. समोरून पाहिलं तर चेहरा दिसतो. बाजूनं पाहिलं तर काम दिसतं. कानाच्या मागून खांद्यावर आणि तिथून कमरेपर्यंत एक बारीक रेघ उतरते. हा सांधा. मूर्ती दोन साच्यांत केलेली आहे, पुढचा अर्धा भाग एकात, मागचा दुसऱ्यात. आपल्याकडे त्याआधी मूर्ती हातानं घडवत, नाहीतर एकाच साच्यावर दाबून काढत. मग पाठ सपाट राही. दोन साच्यांची ही रीत रोमन जगाशी व्यापार वाढला त्या काळात दख्खनभर दिसू लागते.

गावातल्या एका कुंभारकाकांना मी ती रेघ कागदावर काढून दाखवली. ते पोळ्याचे बैल आणि गणपती करतात. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही धड, उठून साच्याची जोडी आणली.

“आधी राख मारायची आतून, नाहीतर माती सोडत नाही. मग हे असं.”

मातीचा पातळ थर त्यांनी अंगठ्यानं साच्यात दाबत नेला. नाकाच्या, कानाच्या खोलीत आधी, सपाट भाग नंतर. उलटं केलं तर नाकात हवा अडकते आणि मूर्ती नकटी निघते. मधे पोकळी ठेवायची. “भरीव केली तर भट्टीत फुटंल. आतलं पाणी जायला वाट नको का?” दोन्ही अर्ध्यांच्या कडांवर टोकदार काडीनं ओरखडे काढले, पातळ चिखल लावला आणि साचे एकमेकांवर दाबले. कडेनं माती बाहेर आली. तीच ती रेघ. साचा काढल्यावर ओल्या कापडानं ती पुसायची असते. चांगला कारागीर पुसतो, घाईतला सोडून देतो.

“तुमच्या त्या कागदावरची कुणी पुसली नव्हती,” काका म्हणाले. “माल जास्त काढायचा असणार.”

हे वाक्य मी त्या कपाटापाशी परत जाऊन तपासलं. काही मूर्तींची रेघ बेमालूम मिटवलेली आहे, काहींची बोटाला लागेल अशी. तेरमध्ये साच्यांच्या एकाच जोडीतून ढिगानं माल निघत होता, काही गिऱ्हाईक चोखंदळ होतं, काही नव्हतं. शेजारच्या खणात मातीची पदकं आहेत, रोमन नाण्यांवरून उठवलेली, वर ओवायला भोक. सोन्याचं नाणं ज्याला परवडत नाही त्यानं मातीचं गळ्यात घालावं. बाजाराला सगळं कळतं. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून वारकरी तेरला येतात, तेरणाकाठच्या समाधीचं दर्शन घेतात. संतांची डोकी थापटण्यानं ठोकून कच्चं मडकं ओळखणाऱ्या माणसाच्या गावात मातीचं काम त्यांच्याही आधी हजारभर वर्षं इतक्या सफाईनं चाललं होतं, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या कानावर जातं. संग्रहालय समाधीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

हस्तिदंती मूर्तीबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखालून एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. पाँपेई इसवीसन 79 मध्ये गाडलं गेलं, तेव्हा ती त्याआधी तिथं पोहोचली होती हे नक्की. तिच्याशी फार जवळचं साम्य असलेली मूर्ती तेरला मिळाली आणि दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली असं छातीठोकपणे सांगणारे गावोगाव भेटतात. एवढं पुढं जायची गरज नाही.

मला जास्त ओढ गाड्यांची आहे. दहा दिवस पैठण, वीस दिवस भडोच. नकाशावर सरळ रेषा मारून भागाकार केला तर पहिल्या टप्प्यात रोजचे पंधरा किलोमीटर पडतात आणि दुसऱ्यात सतरा-अठरा. खरी वाट वळणांची, म्हणजे थोडे जास्तच. भरल्या बैलगाडीची चाल माहीत असलेला कुणीही म्हणेल की ग्रीकानं आकडा ठोकून दिलेला नाही, गाडीवानाला विचारून लिहिला आहे.

आता महिने लावून बघू. इजिप्तमधून जहाजं जुलैच्या सुमारास निघत आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर भडोचला येत. परतायचं तर वारा फिरायला हवा. रोमन लेखक प्लिनी सांगतो की भारतातून डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या मध्याच्या आत निघावं. म्हणजे तेरचं कापड डिसेंबरात भडोचच्या वखारीत पडलेलं हवं. मागे तीस दिवस मोजा. आपल्या काळ्या रानात दसऱ्यापर्यंत भरली गाडी घालून दाखवा कुणी. चाक आसापर्यंत रुतेल. दिवाळीपर्यंत रान वाळतं, ओढ्यांचं पाणी उतरतं पण आटत नाही, चारा हिरवा असतो. गाड्या तेरहून दिवाळीच्या आगेमागे सुटत असणार. हा माझा हिशेब आहे, पुराव्याचा नाही. पण काळी माती तेव्हाही काळीच होती.

भडोचलाच का, हेही विचारायला हवं. कल्याण आणि सोपारा कितीतरी जवळ. नाणेघाट उतरलं की कल्याण. ‘पेरिप्लस’मध्येच उत्तर आहे: राजवट बदलल्यापासून कल्याणच्या वाटेला अडथळे आले, तिथं चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात तेरच्या बैलांना शे-दोनशे किलोमीटर जास्त चालावं लागलं. आणि भडोच काही सोपं बंदर नव्हे. खंबातच्या आखातात भरती अशी चढते की परक्या जहाजाचे तुकडे व्हावेत. म्हणून राजाच्या चाकरीतले तिथले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार समुद्रात सामोरे जात, जहाज दोरानं ओढत आणत, भरती असेतो चालवत, ओहोटीला नांगर टाकून थांबवत. मलमल विणणारा तेरचा साळी आणि हा कोळी एकमेकांना कधी दिसले नसतील, पण एकाची चूक दुसऱ्याला बुडवू शकत होती.

येणाऱ्या मालाची यादीही त्या पुस्तिकेत आहे. इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्या-चांदीची नाणी. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि देखण्या मुली. माणसं मालाच्या यादीत. जमैकात फॅल्मथ नावाचं बंदर आहे, 1769 चं, उसाच्या साखरेवर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर वाढलेलं. 2011 पासून तिथं प्रवासी जहाजांसाठी मोठा धक्का आहे. पर्यटक उतरतात, जुन्या इमारती बघतात, संध्याकाळी निघून जातात. अशा गावात निदान कुणीतरी विचारतं की हे वाडे कुणाच्या घामाचे. तेरला हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण वाडेच उरलेले नाहीत. काम तेवढं उरलं आहे: सांध्याची रेघ, मण्याचं भोक, पाण्यावर तरंगणारी वीट.

हो, वीट तरंगते. त्रिविक्रमाचं देऊळ तसल्या हलक्या विटांचं आहे. मातीत भुसा कालवून भाजलं की भुसा जळतो आणि वीट सच्छिद्र होते. देवळाची मागची बाजू अर्धगोल, वर पिंपासारखं छत. बौद्ध चैत्यगृहाचं पुढे विष्णूचं देऊळ झालं असावं असं अभ्यासक मानतात. अशीच दुसरी वास्तू आंध्रात चेजर्ल्याला आहे. तिथलंही देऊळ आधी चैत्य होतं असं मानतात. ‘पेरिप्लस’ म्हणतो की समुद्राकाठच्या प्रदेशातला मालही तगरला येऊन पडत असे, आणि तो किनारा पूर्वेचा असावा असं बरेच जण समजतात. तेरणेचं पाणी जिकडे जातं तिकडूनच माल वर चढत येत होता.

देवळाबाहेर चहाच्या टपरीवर उसाची टायरगाडी लावून एक गाडीवान बसले होते. त्यांना तीस दिवसांचा हिशेब ऐकवला. त्यांनी मलमलीबद्दल काही विचारलं नाही.

“तीस दिस? बरं. बैलं काय वारा खाऊन चालत होती का? एका जोडीला रोजची वैरण किती लागती, ठाव हाय? ती गाडीतच भरली तर माल कुठं ठिवायचा?”

ग्रीकानं हे लिहिलेलं नाही. वैरण वाटेतच मिळत असणार, म्हणजे ठरावीक मुक्कामांवर कडबा साठवून विकणारी गावं असणार. पैठणहून अजिंठ्याच्या घाटाकडे जाताना भोकरदन लागतं, जुनं भोगवर्धन, सांचीच्या दानलेखांत ज्याचं नाव आहे आणि जिथं तेरसारखीच हस्तिदंती मूर्ती मिळाली. तिथल्या पांढरीवर जायचं आता ठरलं आहे, रान वाळलं की. गाडीवानांनाही विचारलं येता का म्हणून. ते म्हणाले, कारखाना बंद झाल्यावर बघू.