हळदीचा पिवळा रंग : कुरकुमीनची रासायनिक ओळख

माघ-फाल्गुन हे हिंगोली जिल्ह्यात हळदीच्या लगबगीचे महिने होत. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांवर भिजणाऱ्या वसमत तालुक्याच्या शिवारात या दिवसांत काढणी, शिजवणी आणि वाळवणी यांची एकच घाई उडालेली असते. पुढे ही हळद वसमतच्या बाजारपेठेत किंवा हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात येते. तेथे खरेदीदार पोत्यातून एक हळकुंड उचलतो, ते मोडतो आणि आतला रंग पाहतो. गाभा नारिंगीकडे झुकणारा गडद पिवळा असेल तर बोली चढते, फिकट असेल तर उतरते. शेतकऱ्याचे आठ-नऊ महिन्यांचे कष्ट अशा रीतीने एका रंगाच्या पारड्यात तोलले जातात. तेव्हा हा रंग म्हणजे नेमके कोणते द्रव्य आहे आणि त्याचे गुणधर्म कोणते, हे समजून घेणे केवळ रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचेच काम नव्हे.

या द्रव्याचे नाव कुरकुमीन. हळदीचे शास्त्रीय नाव कुरकुमा लाँगा. त्यावरूनच हे नाव पडले. फोगेल आणि पेलतिए या युरोपीय शास्त्रज्ञांनी १८१५ साली हळदीतून हे पिवळे द्रव्य प्रथम वेगळे केले. त्याची अंतर्गत रचना उलगडण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९१० साली मिलोबेन्झ्का, कोस्तानेत्स्की व लाम्पे यांनी ती मांडली आणि १९१३ साली लाम्पे यांनी प्रयोगशाळेत कुरकुमीन तयार करून ती खरी असल्याचे दाखविले.

कुरकुमीनच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्याचा रेणुभार सुमारे ३६८ आहे. शुद्ध स्वरूपात ते नारिंगी-पिवळ्या स्फटिकांच्या रूपात मिळते व सुमारे १८३ अंश सेल्सियसला वितळते. रेणूची घडण डोळ्यांसमोर आणायची तर कावडीची उपमा चपखल बसेल. दोन टोकांना दोन सारखी कार्बनी वलये आणि त्यांना जोडणारी सात कार्बन अणूंची दांडी. या दांडीत व वलयांत एकाआड एक दुहेरी बंध आहेत. अशा सलग साखळीतील इलेक्ट्रॉन प्रकाशातील निळा-जांभळा भाग शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. गमतीचा भाग असा की, या वलयांची घडण व्हॅनिलाला सुगंध देणाऱ्या व्हॅनिलीनच्या वलयासारखीच आहे. कारखान्यात कृत्रिम कुरकुमीन बनवितात ते व्हॅनिलीनपासूनच.

हळदीत कुरकुमीन एकटे नसते. त्याच्या जोडीला रचनेने अगदी जवळची आणखी दोन पिवळी द्रव्ये असतात आणि या तिघांना मिळून कुरकुमिनॉइड म्हणतात. त्यांत कुरकुमीनचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असतो. सर्वसाधारण वाळलेल्या हळदीत कुरकुमीनचे प्रमाण २ ते ५ टक्के आढळते. मेघालयातील लाकाडोंग हळदीत ते ७ टक्क्यांच्या आसपास जाते. जात, जमीन, काढणीची वेळ आणि काढणीनंतरची हाताळणी यांवर हे प्रमाण अवलंबून असते. हळदीचा वास मात्र कुरकुमीनचा नव्हे; तो तिच्यातील उडनशील तेलाचा आहे.

स्वयंपाकघरातील रसायनशास्त्र

कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; तेलात, अल्कोहोलमध्ये व ॲसिटोनमध्ये विरघळते. फोडणीत तेल तापल्यावर हळद घालण्याची आपली रीत शास्त्राला धरूनच आहे असे म्हणावे लागेल. पाण्यात घातलेली पूड नुसती गढूळपणा आणते, तेलात पडलेली मात्र सबंध भाजीला रंग देते.

दुसरा गुण प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, धुऊन साबण निघून गेला की पुन्हा पिवळा दिसतो. साबण अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी द्रावणात कुरकुमीनच्या रेणूतील हायड्रोजन निघून जातो, प्रकाश शोषण्याची त्याची पद्धत बदलते आणि रंग तांबूस होतो. आम्लात तो पुन्हा पिवळा होतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेला टिपकागद म्हणूनच शाळेत दर्शक म्हणून वापरता येतो. चुन्याची निवळी, खाण्याचा सोडा, लिंबाचा रस, चिंचेचे पाणी एवढ्या साहित्यावर शिक्षकांना आम्ल व अल्क यांचा पाठ सहज घेता येईल. लिटमस कागदाची वाट पाहण्याचे कारण नाही. पारंपरिक पद्धतीने कुंकू तयार करताना हळकुंडांना टाकणखार व लिंबाचा रस लावीत, त्याचेही मर्म येथेच आहे. टाकणखारातील बोरॉन आम्लाच्या सान्निध्यात कुरकुमीनशी संयोग पावतो व लाल द्रव्य तयार होते. प्रयोगशाळांत बोरॉन ओळखण्यासाठी आजही या क्रियेचा उपयोग करतात.

तिसरा गुण शेतकऱ्याने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. कुरकुमीनला प्रकाश सोसत नाही. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, तो यामुळेच. याचा अर्थ हळद उन्हात वाळवू नये असा नव्हे. शिजविलेल्या कंदाच्या सालीआड रंग बराचसा सुरक्षित राहतो. परंतु वाळलेला माल वा पूड उघड्यावर, प्रकाशात पडू देणे म्हणजे रंग हाताने घालविणे होय. शिजवणीचेही तसेच. शिजताना कंदातील स्टार्च फुगून चिकट होतो व रंग गाभ्यात सर्वत्र सारखा पसरतो. कंद कमी शिजला तर रंग डागाळतो, जास्त शिजला तर रंग बिघडतो. पूर्वी काहिलीत तास-दीड तास हे काम चाले. आता वाफेच्या कुकरमुळे इंधन व वेळ वाचतो आणि शिजवणी एकसारखी होते.

औषधी गुणांबद्दल

जखमेवर हळद दाबण्याचा घरगुती उपाय साऱ्या देशाला ठाऊक आहे. तरीही याच उपयोगासाठी मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे व लेखांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हा विजय परंपरागत ज्ञानाच्या मालकीबाबतचा होता. हळदीने सर्व रोग बरे होतात, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. कुरकुमीन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. मिऱ्यातील पायपरीनबरोबर दिल्यास माणसात हे प्रमाण सुमारे वीसपट वाढते, असे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले. तथापि मुळात अल्प असलेल्या प्रमाणाची ही वीसपट आहे. २०१७ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या औषधी रसायनशास्त्राच्या नियतकालिकातील एका समीक्षेने कुरकुमीनच्या अनेक गाजलेल्या दाव्यांविषयी गंभीर शंका व्यक्त केली. जेवणातील हळद निर्धोक व हितावह आहे. कुरकुमीनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

रंगाची लबाडी

भाव रंगावर ठरतो, तेथे रंगाची लबाडीही शिरते. हळदीच्या पुडीत मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग, तर हळकुंडांवर पॉलिश करताना लेड क्रोमेट चोपडण्याचे प्रकार आढळले आहेत. लेड क्रोमेट हे तैलरंगात वापरले जाणारे पिवळे द्रव्य असून त्यात शिसे असते. शिसे शिजवून जात नाही व शरीरात साठत राहते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते. बांगलादेशात १९८०च्या दशकात पुराने भिजून काळवंडलेली हळद खपविण्यासाठी ही युक्ती सुरू झाली आणि पुढे नेहमीचीच होऊन बसली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यानंतर तेथील शासनाने बाजारात तपासण्या, दंड व लोकशिक्षण यांची मोहीम घेतली. शिसेयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, ते २०२१ मध्ये शून्यावर आले. अवघ्या दोन वर्षांत एवढा फरक पडू शकतो, हे ग्रामपंचायतींनी व आठवडी बाजाराची व्यवस्था पाहणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

घरच्या घरी प्राथमिक पारख करता येते. पेलाभर पाण्यावर चमचाभर पूड टाकून ती न ढवळता स्थिर ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते व वरचे पाणी फिकट पिवळे राहते; कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही, हे त्याचे कारण. पाणी गडद पिवळे झाले तर बाहेरचा रंग असल्याचा संशय घ्यावा. मेटॅनिल यलोची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी. हळदीच्या द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकल्यावर येणारा तांबूस-जांभळा रंग पाणी वाढविताच नाहीसा झाला तर तो हळदीचा, टिकून राहिला तर मेटॅनिल यलोचा. शिशाचा अंतिम निर्णय मात्र अन्न प्रयोगशाळेनेच द्यावयाचा असतो. संशयास्पद मालाची माहिती अन्न व औषध प्रशासनाला द्यावी.

हळकुंड मोडून भाव ठरविण्याच्या पद्धतीत खरी उणीव ही आहे की, डोळा रंग पाहतो, कुरकुमीन मोजीत नाही. अल्कोहोलमध्ये अर्क काढून तो किती प्रकाश शोषतो हे यंत्रावर पाहिले की टक्केवारी कळते. ही तपासणी अवघड नाही. ती शेतकऱ्याच्या आवाक्यात आली पाहिजे. वसमत येथील हरिद्रा संशोधन केंद्रासाठी राज्य शासनाने २०२२ साली शंभर कोटी रुपयांची घोषणा केली आणि २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आता वसमतची हळद बाजारात गेली की खरेदीदार तिच्या नावाबरोबर कुरकुमीनचा आकडाही विचारणार, आणि तो आकडा शेतकऱ्याच्या हाती बोली सुरू होण्यापूर्वी असावा लागेल.