व्ह्यूफाइंडर अंधारा, की लेन्स?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत.)

पहिला फिल्म कॅमेरा घ्यायला निघालेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर जास्त उजळ? चोरबाजारात असो की फोर्टमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात, आपण दोन कॅमेरे उचलतो, आळीपाळीने डोळ्याला लावतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. "हा मस्त आहे, तो अंधारा आहे."

आज मला एवढंच सांगायचंय की असा निकाल बहुतेक वेळा चुकतो. आणि तो महागात पडतो, कारण सेकंडहँड कॅमेरा सहसा परत घेत नाहीत. शिवाय फिल्मच्या रोलमध्ये ३६ फ्रेम असतात. फोकस नीट दिसला नाही तर त्यातल्या किती वाया गेल्या, हे रोल धुऊन आल्यावरच कळतं.

आधी प्रकाशाचा रस्ता बघू. एसएलआर कॅमेऱ्यात प्रकाश लेन्समधून आत येतो, तिरप्या आरशावर आपटून वर जातो आणि फोकसिंग स्क्रीन नावाच्या खरखरीत काचेवर त्याचं चित्र उमटतं. ते चित्र प्रिझममधून सुलटं होऊन आयपीसमधून आपल्या डोळ्यात येतं. म्हणजे वाटेत चार टोलनाके आहेत: लेन्स, आरसा, स्क्रीन आणि प्रिझम. प्रत्येक जण थोडा थोडा प्रकाश कापून घेतो.

सगळ्यात मोठा टोल लेन्सचा, आणि नेमका तोच आपण विसरतो. बघताना एसएलआरची लेन्स पूर्ण उघडी असते. रिंगवर तुम्ही एफ ८ लावलं तरी लेन्सचं छिद्र लहान होतं ते क्लिक करताना. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधला उजेड ठरतो तो लेन्सच्या सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरवर. आता समजा एका हातात पेंटॅक्स के-१००० आहे, त्यावर ५० मिमी एफ २ लेन्स. दुसऱ्या हातात १९९९ चा कॅनन ईओएस ३००, त्यावर किट झूम, पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६. एफ २ ते एफ ५.६ म्हणजे तीन स्टॉप. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून झूमवाल्या कॅमेऱ्यात एक अष्टमांशच प्रकाश शिरतोय. आणि आपण म्हणतो, "पेंटॅक्सचा व्ह्यूफाइंडर किती भारी!" अहो, ही तुलना कॅमेऱ्यांची झालीच नाही, लेन्सची झाली.

रशियन झेनिट-ई मध्ये तर आणखी गंमत. त्यावर बऱ्याचदा येणारी हेलिओस ४४-२ ही लेन्स प्रीसेट प्रकारची. तिचं छिद्र क्लिकच्या वेळी आपोआप बंद होत नाही. तुम्हीच एफ २ वर फोकस करायचा आणि मग रिंग फिरवून बंद करायचं. दुकानात ती एफ ८ वर बंद करून ठेवलेली असेल तर तुम्हाला चार स्टॉप कमी, म्हणजे एक सोळांश उजेड दिसतो. आधी रिंग उघडा, मग बोला. उघडूनही झेनिट-ई तसा अंधाराच वाटतो, कारण स्क्रीन साधी घासलेली काच आहे. शिवाय २४ गुणिले ३६ मिमीच्या फ्रेमपैकी व्ह्यूफाइंडरमध्ये २० गुणिले २८ मिमीच दिसतं. क्षेत्रफळाने सुमारे ६५ टक्के.

लेन्सचा हिशोब वजा केला की मग कॅमेऱ्याकडे वळायचं. ऑटोफोकस एसएलआरचा मुख्य आरसा अर्धपारदर्शक असतो. थोडा प्रकाश त्यातून आरपार खाली ऑटोफोकसच्या सेन्सरकडे जातो, म्हणजे डोळ्याच्या वाट्याला तेवढा कमी. स्वस्त मॉडेलमध्ये काचेच्या अखंड प्रिझमऐवजी आरशांची जोडणी असते, तिला पेंटामिरर म्हणतात. ती हलकी आणि स्वस्त, पण जास्त प्रकाश खाते. ईओएस ३०० मध्ये तीच आहे.

दुसरी गल्लत उजळपणा आणि मोठेपणाची. ऑलिंपस ओएम-१ डोळ्याला लावला की आपण 'वा!' म्हणतो. त्याचं खरं कारण आकार. त्याचं मॅग्निफिकेशन ०.९२ पट आणि फ्रेमचा ९७ टक्के भाग दिसतो. निकॉन एफएम२ चे आकडे ०.८६ आणि ९३ टक्के, ईओएस ३०० चे ०.७० आणि ९० टक्के. मोठं चित्र उजळ असल्याचा भास होतो, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. छोट्या खोलीतही भरपूर उजेड असू शकतो ना, तसंच.

आता सगळ्यात महत्त्वाचा नाका, स्क्रीन. इथे कंपन्यांना एक तडजोड करावी लागते. काच जितकी खरखरीत, तितका प्रकाश सगळीकडे विखुरतो. चित्र अंधारतं, पण फोकस सुटला की लगेच कळतं. काच जितकी गुळगुळीत, तितका प्रकाश सरळ डोळ्यात येतो. चित्र लख्ख, पण धूसर भागही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो आणि आपण फसतो. मिनोल्टाने अ‍ॅक्यूट मॅट स्क्रीनमध्ये काचेवरच्या खरखरीऐवजी अतिसूक्ष्म, आखीव उंचवटे वापरले आणि ही तडजोड बरीच सुसह्य केली. १९८१ च्या एक्स-७०० मध्ये तोच स्क्रीन आहे. पुढे हॅसलब्लाडनेही मिनोल्टाचेच स्क्रीन घेतले.

नंतरच्या ऑटोफोकस कॅमेऱ्यांचे स्क्रीन झूम लेन्ससाठी उजळ बनवलेले असतात. त्यांच्यावर एफ १.४ ची लेन्स लावा आणि डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून एफ २.८ पर्यंत या. चित्रात फारसा फरक पडत नाही! म्हणजे लेन्सचा जास्तीचा प्रकाश तो स्क्रीन डोळ्यापर्यंत पोचवतच नाही. अशा कॅमेऱ्यात हाताने फोकस करणं अवघड जातं. उजेड आहे, पण तो फोकसच्या कामाचा नाही.

"मग मी जुन्या कॅमेऱ्यात उजळ स्क्रीन बसवू का?" जरा थांबा. के-१००० आणि एफएम२ सारख्या कॅमेऱ्यांचा लाइटमीटर स्क्रीनवरचाच प्रकाश मोजतो. स्क्रीन उजळ झाला की मीटरला वाटतं बाहेरच ऊन जास्त आहे, आणि फोटो काळपट येतात. मीटर नव्याने जुळवून घेणार असाल तरच या भानगडीत पडा.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचं गणित वेगळं. लायका एम६ किंवा यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो. लेन्स कुठलीही असो, उजेड तोच. इथे बघायचं ते मधल्या पिवळसर चौकोनाकडे, ज्यात दोन प्रतिमा जुळवून फोकस करतात. जुन्या कॅमेऱ्यांत तो फिका पडलेला असतो. समोरच्या मोठ्या खिडकीच्या मध्यावर काळ्या टेपचा छोटा तुकडा लावून बघा, चौकोन उठून दिसतो. घरच्या कपाटातला आगफा क्लिक थ्री असेल, तर त्यात फोकस दाखवणारी सोयच नाही. नुसती बघायची खिडकी. एसएलआरशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

बरं, मोजायचं कसं? फोन आहेच की. मेन कॅमेरा निवडा, प्रो मोड लावा, आयएसओ पक्कं करा. एकसारखा उजेड असलेल्या पांढऱ्या भिंतीकडे फोन धरा आणि भिंत मध्यम करडी दिसेपर्यंत शटर स्पीड बदला. समजा १/२०० आला. आता फोनची लेन्स आयपीसला अगदी मधोमध टेकवा आणि त्याच भिंतीचा चित्रातला भाग तितकाच करडा दिसेपर्यंत शटर बदला. मधल्या स्प्लिट प्रिझमच्या गोलाकडे बघू नका, बाजूचा भाग बघा. समजा १/५० आला. १/२०० ते १/५० म्हणजे दोन स्टॉप, डोळ्यापर्यंत एक चतुर्थांश उजेड पोचला. दुसऱ्या कॅमेऱ्यालाही हेच करा, आणि दोघांच्या लेन्समधला स्टॉपचा फरक वजा करायला विसरू नका.

हिशोब करूनही एखादा कॅमेरा फारच काळा निघाला, तर दोष मॉडेलचा नाही, त्या नगाचा असू शकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात, खास करून मुंबई-कोकणात, लेन्समध्ये बुरशी धरते. ओएम-१ मध्ये प्रिझमजवळचा फोम कुजतो आणि प्रिझमचा चांदीचा मुलामा खातो. मग चित्रात काळे डाग किंवा रेघा दिसतात. हा खर्चाचा मामला आहे, किंमत ठरवताना धरा. नुसती धूळ दिसली तर घाबरू नका, स्क्रीनवरची धूळ फोटोत येत नाही. आरसा मात्र रुमालाने पुसू नका, मुलामा वरच्याच बाजूला असतो.

शेवटी दुकानात करायची खरी परीक्षा. भिंत सोडा, काही अंतरावर बसलेल्या माणसाच्या पापण्यांवर फोकस करा. रिंग किंचित पुढेमागे फिरवा. पापण्या 'आल्या' आणि 'गेल्या' हे तुम्हाला झटकन कळतंय का? चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट बघा, कोपरे दिसतात का तेही पाहा. हे नीट जमत असेल, तर थोडा अंधारा व्ह्यूफाइंडरही तुमचे ३६ फ्रेम वाचवेल. जमत नसेल, तर तो कितीही लख्ख असू दे, दुसरा कॅमेरा बघा. ऑटोफोकसवरच काम करणार असाल, तर गोष्ट वेगळी: तिथे व्ह्यूफाइंडर फ्रेम जमवायला लागतो, आणि त्याला ईओएस ३०० चा उजेड पुरतो.

तर मंडळी, खरेदीला जाताना फोन चार्ज करून न्या. भेटू पुढच्या भागात.